भाव थिजतो, पण स्पीड टेस्ट ठणठणीत: घरून ट्रेडिंगसाठी मुंबईत नेट कसं तपासायचं आणि कोणतं घ्यायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. स्पीड टेस्टला शंभर एमबीपीएस दिसतात, मुलांचं यूट्यूब कुठे अडत नाही, पण सव्वानऊला बाजार उघडला की टर्मिनलवरचा, म्हणजे ब्रोकरच्या ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधला भाव जागच्या जागी थिजतो. दहा-पंधरा सेकंदांनी एकदम उडी मारून भलत्याच आकड्यावर जातो. कधी ‘रीकनेक्टिंग’ची पट्टी येते, कधी तीही येत नाही आणि आपण शिळ्या भावाकडे बघत बसतो. दुपारी तीननंतर, इंट्राडे पोझिशन, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचे सौदे, कापायच्या घाईत, पुन्हा तेच. मग माणूस दोनशेचा प्लॅन घेतो, नंतर तीनशेचा, आणि त्रास जिथे होता तिथेच राहतो.

यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. कंपनी बदलायच्या आधी तुटतंय कुठे ते शोधा. मुंबईतल्या घरात ते चार ठिकाणी तुटू शकतं: घरातल्या वाय-फायवर, इमारतीपर्यंत येणाऱ्या लाइनवर, कंपनीच्या पुढच्या जाळ्यात, किंवा ब्रोकरकडे. मोठा प्लॅन घेऊन यातलं एकही ठिकाण दुरुस्त होत नाही.

वेग कमी पडतच नाही

आधी हिशोब मांडू. एका स्क्रिपचा (शेअरचा) भाव मार्केट डेप्थसकट, म्हणजे खरेदी-विक्रीच्या रांगेसकट, टर्मिनलला पाठवायला साधारण दोनशे बाइट पुरतात. सेकंदाला तीन वेळा भाव बदलतो असं धरलं आणि वॉचलिस्टमध्ये शंभर स्क्रिप असले, तर सेकंदाला साठ हजार बाइट होतात. म्हणजे अर्धा एमबीपीएस. तुमच्या शंभरच्या प्लॅनमधले साडेनव्याण्णव ट्रेडिंगला लागतच नाहीत. दोन-तीन चार्ट आणि ऑप्शन चेन उघडी ठेवली तरी फार फरक पडत नाही.

मग भाव थिजतो का? टर्मिनल आणि ब्रोकरचा सर्व्हर यांच्यामध्ये एक जोडणी कायम उघडी असते आणि तिच्यावरून येणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, क्रमानेच घ्यावी लागतात. मधलं एक हरवलं तर मागून आलेली सगळी रांगेत थांबतात. हरवलेलं पुन्हा मागवलं जातं, तेही हरवलं तर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट होतो. पाव सेकंद, अर्धा, एक, दोन, चार. लाइन सलग काही सेकंद खराब असली की भाव गोठतो, आणि पॅकेट आलं की साचलेलं सगळं एकदम कोसळतं. आपल्याला दिसणारी उडी ती हीच. यूट्यूब मात्र पुढची वीस-तीस सेकंदं आधीच भरून ठेवतं, म्हणून तिथे काहीच कळत नाही. स्पीड टेस्टही अशीच फसवते, कारण ती पंधरा-वीस सेकंदांची सरासरी दाखवते आणि मधला झटका त्या सरासरीत बुडून जातो.

तेव्हा बघायच्या गोष्टी तीन: पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) किती मिलिसेकंद, ते किती वरखाली होतं, आणि शंभरातली किती पॅकेट हरवतात. चांगल्या फायबरवरून मुंबईतल्याच सर्व्हरला पिंग दहा-पंधराच्या आत असायला हवं. तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं. पिंग स्थिर पस्तीस असेल आणि एकही पॅकेट हरवत नसेल, तर ती लाइन पाच पिंगच्या पण मधूनच उचक्या देणाऱ्या लाइनपेक्षा ट्रेडिंगला कितीतरी चांगली.

पाच मिलिसेकंद वाचवण्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना एक सांगायचं आहे. बीकेसीत एक्स्चेंजच्याच आवारात सर्व्हर ठेवणारे लोक मायक्रोसेकंदांत खेळतात. आपली ऑर्डर घरातून ब्रोकरकडे जाते, तिथे मार्जिनची तपासणी होते, आणि मग एक्स्चेंजला पोचते. ती शर्यत आपली नाही. आपलं काम एवढंच की ऑर्डर हवी तेव्हा जावी आणि दिसणारा भाव खरा असावा.

तीन खिडक्या उघडून ठेवा

ही तपासणी फुकट आहे आणि तिच्याशिवाय पुढचं काहीही करू नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. प्रत्येकीत पिंग, मग स्पेस, वजाचं चिन्ह आणि टी, पुन्हा स्पेस आणि पत्ता असं इंग्रजीत टाइप करा, म्हणजे ping -t आणि पुढे पत्ता. पहिल्या खिडकीत तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिसरीत ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर. दुसरीसाठी आधी ट्रेसर्ट (tracert) ही पॅकेटची वाट दाखवणारी कमांड ८.८.८.८ वर चालवा. तिच्या पहिल्या ओळीत तुमचा राउटर येतो आणि दुसऱ्या ओळीत कंपनीचं पहिलं यंत्र. तो दुसऱ्या ओळीतला पत्ता दुसऱ्या खिडकीत टाका. तिथे पत्त्याऐवजी तारे आले तर तिसऱ्या ओळीतला घ्या.

नऊ वाजता सुरू करून पावणेदहापर्यंत चालू द्या, आणि दुपारी पावणेतीन ते साडेतीन पुन्हा. नेहमीसारखं काम करत राहा, घरातल्यांनाही नेहमीसारखंच वापरू द्या. भाव थिजला की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि त्याच क्षणी तिन्ही खिडक्यांत काय दिसतंय ते बघा. शेवटी कंट्रोल-सी दाबलं की किती पॅकेट गेली, किती हरवली आणि कमी-जास्त पिंग किती होतं याचा हिशोब समोर येतो.

पहिल्या खिडकीतच आकडा दोन-तीनवरून दोनशेवर उडत असेल किंवा ‘टाइम्ड आउट’ येत असेल, तर बिघाड तुमच्या घरात आहे. कंपनीला फोन करून उपयोग नाही. पहिली स्वच्छ आणि दुसरी-तिसरी एकदम बिघडत असतील तर दोष इमारतीपर्यंतच्या लाइनमध्ये किंवा केबलवाल्याच्या यंत्रात. पहिल्या दोन स्वच्छ आणि फक्त तिसरी खराब, म्हणजे कंपनीचं पुढचं जाळं. फक्त दुसरी खराब दिसत असेल आणि तिसरी स्वच्छ असेल तर दुर्लक्ष करा. मधली काही यंत्रं पिंगला उत्तर देण्याचं काम सवडीने करतात, तो बिघाड नव्हे. आणि तिन्ही स्वच्छ असताना भाव थिजला, तर बोट ब्रोकरकडे किंवा तुमच्याच कॉम्प्युटरकडे जातं.

एकाच दिवसावरून निष्कर्ष काढू नका. मुंबईतली लाइन कोरड्या दिवशी वेगळी असते आणि पावसाच्या दिवशी वेगळी.

पहिली खिडकी खराब: घरातलं वाय-फाय

वन बीएचकेच्या वस्तीत कुठेही फोनवर वाय-फायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल फक्त तीन, १, ६ आणि ११. मजल्यावरच्या सगळ्या घरांनी तेच तीन वाटून घ्यायचे. त्यात कुणाचा मायक्रोवेव्ह सुरू झाला की तोही त्याच पट्ट्यात.

उपाय एकच, आणि तो मी प्रत्येकाला आधी सांगतो: ट्रेडिंगचा कॉम्प्युटर राउटरला तारेने जोडा. कॅट ६ ची तयार केबल पंधरा-वीस मीटर मिळते, भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली की दिसतही नाही. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. निम्म्याहून जास्त लोकांचा त्रास इथेच संपतो, असं माझं बघण्यातलं मत आहे. मेश राउटर, रिपीटर यांच्यावर हजारो रुपये घालायच्या आधी ही तार ओढा. रिपीटर तर ट्रेडिंगच्या कामात घेऊच नका, तो पॅकेट हवेतून दोनदा फिरवतो.

तार शक्यच नसेल, घरमालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर कॉम्प्युटर आणि राउटर एकाच खोलीत आणा, ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करा आणि चॅनेल ३६ ते ४८ मधला हाताने निवडून ठेवा. ५२ ते १४४ या चॅनेलवर काही राउटर रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून पळतात आणि मिनिटभर वाय-फाय गायब होतं.

तार जोडूनही कधीकधी पिंग चढतं, पण तेव्हा पहिली खिडकी स्वच्छ असते आणि दुसरी-तिसरी चढते. लाइनमनला बोलावण्याआधी घरात कुणी अपलोड करतंय का ते बघा. फोन चार्जिंगला लावला की दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात, राउटरच्या बाहेर जाणाऱ्या रांगेत ते सगळे उभे राहतात आणि तुमची ऑर्डर त्यांच्या मागे. तपासायला सोपं आहे: पिंग चालू ठेवून मुद्दाम एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. आठचं पिंग तीनशे झालं तर दोष इथे. फोटोंचा बॅकअप रात्री होईल असं करा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची, म्हणजे रांग आटोक्यात ठेवण्याची, सोय असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधा; रांग मग साचतच नाही. नवा प्लॅन घेताना अपलोडचा वेग डाउनलोडएवढाच आहे का ते म्हणूनच विचारायचं.

दुसरी खिडकी खराब: गच्ची, डक्ट आणि रस्ता

मुंबईत सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि याची माहिती प्लॅनच्या जाहिरातीत कधीच नसते.

‘फायबर’ म्हणून विकलं जाणारं कनेक्शन दोन प्रकारचं असतं. एकात काचेची बारीक तार थेट तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत (फायबर मॉडेमपर्यंत) येते. दुसऱ्यात फायबर गच्चीपर्यंत किंवा लिफ्टच्या खोलीपर्यंत येतं, तिथे केबलवाल्याचा एक स्विच असतो आणि तिथून साधी लॅनची तार डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून खाली तुमच्या खिडकीत. दोन्हींची जाहिरात सारखीच. ओळखायचं कसं? घरात येणाऱ्या तारेचं टोक बघा. हिरव्या किंवा निळ्या चौकोनी पिनची बारीक तार म्हणजे फायबर. पारदर्शक प्लॅस्टिकची, लँडलाइन फोनच्या पिनेपेक्षा मोठी पिन म्हणजे लॅन.

ट्रेडिंगसाठी यातला फरक फार मोठा आहे. घरापर्यंतच्या फायबरमध्ये केबलवाल्याच्या मुख्य यंत्रापासून तुमच्या डब्यापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. वाटणी करणारे स्प्लिटर नुसत्या काचेचे असतात, त्यांना वीज लागत नाही. गच्चीवरचा स्विच मात्र सोसायटीच्या जिन्याच्या मीटरवर चालतो. तो मीटर ट्रिप झाला, पावसाचं पाणी पेटीत गेलं, लिफ्टवाल्याने काम करताना प्लग काढला, की तुमच्या घरात इन्व्हर्टर असून नेट गेलं. शिवाय उघड्यावरून येणारी लॅनची तार उन्हापावसात वर्ष-दोन वर्षांत तडकते, टोकाला हिरवा गंज चढतो आणि पॅकेट हरवायला लागतात. नेट पूर्ण जात नाही, म्हणून लाइनमनला ‘चालू आहे की’ म्हणायला वाव मिळतो.

घरापर्यंत फायबर असेल तर डब्यावरचा ‘LOS’ लिहिलेला दिवा बघा. लाल लागला की उजेड येतच नाही, फायबर कुठेतरी तुटलंय. दिवा लाल नसतानाही नेट उचकत असेल तर ब्राउझरमध्ये डब्याच्या सेटिंगच्या पानावर जा आणि ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ नावाचा आकडा शोधा. तो डीबीएममध्ये आणि वजा चिन्हासकट असतो. -१५ ते -२५ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. -२७ च्या पलीकडे गेला की डबा उजेड ओळखण्याच्या शेवटच्या हद्दीवर आहे, आणि थोडं काही बदललं की जोडणी सुटते. या आकड्याचा फोटो काढून ठेवा. महिन्याभराने पुन्हा बघा. -२१ चा -२६ झाला असेल तर कुठेतरी जोड सैल झालाय, पिनवर धूळ आहे किंवा कपाटामागे फायबर दुमडलंय. काच काटकोनात वाकली की उजेड बाहेर गळतो, म्हणून फायबरचा वळसा निदान वाटीएवढा मोठा ठेवा. आणि लाइनमन दादांना ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. ‘पॉवर -२८ येते आहे, जोड तपासा’ असं सांगितलं की तो मीटर घेऊन येतो.

इमारतीच्या बाहेर आपल्या हातात काही नाही, पण माहिती मात्र हवी. पावसाळा सोडला तर आपल्याकडे वर्षभर कुठला ना कुठला रस्ता काँक्रिटीकरणासाठी, मेट्रोसाठी किंवा जलवाहिनीसाठी उघडा असतो, आणि जेसीबीला फायबर दिसत नाही. एका इमारतीवरून दुसरीवर लोंबत नेलेल्या तारा वादळी वाऱ्यात तुटतात, महापालिका त्या कापते, आणि लालबाग-परळ भागात गणपतीच्या उंच मूर्ती आणताना त्या उचलाव्या लागतात. तेव्हा केबलवाल्याला विचारा: तुमच्या सोसायटीत फायबर जमिनीखालून येतं की वरून? खालून येणारं सहसा कमी वेळा तुटतं, पण तुटलं की जोडायला जास्त वेळ लागतो. वरून येणारं वारंवार तुटतं आणि तासाभरात जोडून मिळतं. ट्रेडिंगच्या वेळेचा विचार केला तर मला जमिनीखालचं पसंत आहे.

तिसरी खिडकी, आणि मग ब्रोकर

कंपनीच्या पुढच्या जाळ्यातला दोष आपण दुरुस्त करू शकत नाही. इथे कंपनी बदलणं हाच उपाय. छोट्या केबलवाल्यांच्या बाबतीत एक गोष्ट तपासा. मुंबईत निक्सी (NIXI), डी-किक्स (DE-CIX) यांसारख्या इंटरनेट एक्स्चेंज आहेत, जिथे कंपन्या आपसांत रहदारी बदलतात. तुमची कंपनी तिथे नीट जोडलेली नसेल तर दादरहून अंधेरीच्या सर्व्हरकडे जाणारं पॅकेट दुसऱ्या शहराला वळसा घालून येतं आणि पाचचं पिंग तीस होतं. ट्रेसर्टमध्ये मधल्या ओळींत एकदम उडी दिसली की समजा. तीस स्थिर असेल तर चालेल. संध्याकाळी तीस आणि सकाळी नव्वद असं होत असेल तर चालणार नाही. एमसीएक्सवर (कमोडिटी बाजारात) रात्री साडेअकरापर्यंत बसणाऱ्यांनी हीच तपासणी रात्री नऊ ते अकरा करावी. सगळं शहर घरी बसून सिनेमे बघत असतं आणि कंपनीची दुखणी तेव्हाच बाहेर येतात.

ब्रोकरचा दोष ओळखायला फोनचं वाय-फाय बंद करा, सिमच्या डेटावर त्याच ब्रोकरचं ॲप उघडा आणि शेजारी दुसऱ्या ब्रोकरचं. घरच्या लाइनवर आणि सिमवर दोन्हीकडे पहिला ब्रोकरच अडकत असेल तर तुमच्या नेटचा संबंध नाही. दुसरं खातं त्यासाठी तरी असावं. कॉम्प्युटरच्या बाजूने व्हीपीएन बंद आहे ना, विंडोजचं अपडेट बाजाराच्या वेळेत उतरत नाही ना आणि लॅन कार्डाचं वीजबचत सेटिंग काढलंय ना, एवढं बघा.

नवं घ्यायचं ठरलंच तर

जिओ, एअरटेल, टाटा प्ले फायबर, हॅथवे किंवा गल्लीतला केबलवाला, कुठलं चांगलं हे शहरभरासाठी सांगता येत नाही. बोरिवलीत उत्तम चालणारी कंपनी गिरगावच्या चाळीत गच्चीवरून लॅन टाकत असेल. ज्याचं मत घ्यायचं तो माणूस तुमच्याच विंगमधला हवा. वॉचमनला विचारा कुठल्या कंपनीचा लाइनमन जास्त वेळा येतो. त्याच्याइतकी खरी माहिती कुणाकडे नसते. गेल्या जुलैत नेट किती दिवस बंद होतं, हा एक प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकांना विचारला तरी पुष्कळ कळतं.

विकणाऱ्याला विचारा: घरापर्यंत फायबर आहे की गच्चीपर्यंत? अपलोड किती? स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, मिळेल का आणि महिन्याला किती? बिघाड झाल्यावर माणूस किती तासांत येतो, आणि शनिवार-रविवारी येतो का? वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही असो. पहिला महिना घ्या, जुनं कनेक्शन त्या महिन्यात चालू ठेवा आणि दोन्हींवर तीन खिडक्यांची तपासणी करा. शक्य असेल तर ही बदली जून-जुलैत करा. पावसात टिकलं ते टिकलं.

पन्नास ते शंभर एमबीपीएस ट्रेडिंग आणि घर दोन्हींना भरपूर आहेत. वाचलेले पैसे दुसऱ्या लाइनवर घाला. लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखीव लाइन) घरच्या ट्रेडरला परवडत नाही आणि तिची गरजही नाही.

एपीआयने, म्हणजे स्वतःच्या प्रोग्रॅममधून थेट ब्रोकरकडे, ऑर्डर टाकणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात किरकोळ गुंतवणूकदारांच्या एपीआय-अल्गोसाठी स्थिर आयपीची अट आहे. तुमच्या लाइनला अनेक ग्राहकांत वाटलेला सामाईक आयपी असेल, म्हणजे राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर ब्रोकरशी आणि कंपनीशी आधी बोला. दुसऱ्या लाइनचा आयपी वेगळा असणार, तोही ब्रोकरकडे नोंदवता येतो का ते विचारून घ्या.

दुसरी लाइन, दुसऱ्या वाटेने

कुठलंही एक कनेक्शन शंभर टक्के विश्वासाचं नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचेच सगळे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले, पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि पाचपर्यंत चालवावे लागले. एनएसईकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. दोन्ही अस्थिर झाल्या, आणि दोन ठिकाणांमधल्या वाटेवरचं खोदकाम-बांधकाम हे कारण नंतर पुढे आलं. कंपन्या दोन असून उपयोग झाला नाही, कारण दोघींनाही एकाच वेळी धक्का बसला.

घरच्या बाबतीत याचा अर्थ असा की दोन ब्रॉडबँड घेऊन दोन्हींच्या तारा एकाच डक्टमधून, एकाच गच्चीवरून आल्या तर तुम्ही फक्त बिल दुप्पट केलंत. पहिली लाइन फायबर असेल तर दुसरी हवेतून येऊ द्या: फोनचं सिम किंवा ५जी एअरफायबर. आणि ब्रॉडबँड ज्या कंपनीचं, सिम तिचं नको. मुंबईत ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ पासून एअरटेल आणि जिओ दोघांचीही एअरफायबर सेवा आहे. मुख्य लाइन म्हणून ट्रेडिंगला मी ती घेणार नाही, कारण टॉवरवर गर्दी वाढली की पिंग हलतं, पण दुसरी लाइन म्हणून ती चोख काम करते. साधं सिमही पुरतं. मघाचा हिशोब आठवा, अर्धा एमबीपीएस लागतो.

सिम निवडताना ते तुमच्या टेबलावर, सव्वानऊला आणि सव्वातीनला तपासा. चाळीत तळमजल्यावर सिग्नल पोचत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पस्तिसाव्या मजल्यावर उलटा त्रास असतो: फोनला चहूकडचे टॉवर दिसतात आणि तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत बसतो.

फायबर गेलं की आपोआप सिमवर जाणारे ड्युअल वॅन (दोन लाइन जोडता येणारे) राउटर मिळतात. घ्या, पण हे लक्षात ठेवा की लाइन बदलली की तुमचा आयपी बदलतो, टर्मिनलची उघडी जोडणी तुटते आणि काही ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागतं. अखंड काहीच राहत नाही.

वीज

मुंबईत वीज क्वचित जाते, म्हणून कुणी याचा विचार करत नाही. पण पापणी लवण्याइतका झटका आला तरी फायबरचा डबा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. डब्याच्या अडॅप्टरवर बघा, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर असतं. त्याच मापाचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो डबा आणि राउटर दोन्हींना लावा. १२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, पण दोन्ही एक्स्चेंज चालू होती. बाजार उघडा आणि आपण बाहेर, ही वेळ सगळ्यात वाईट.

पोझिशन उघडी असताना नेट गेलं तर

पोझिशन घेतल्या घेतल्या स्टॉप-लॉस ऑर्डर, म्हणजे ठरलेला भाव आला की सौदा मिटवणारी ऑर्डर, टाका. ती एक्स्चेंजकडे पडून राहते, तुमच्या नेटचं काहीही झालं तरी. काही टर्मिनलमधला ट्रेलिंग (भावामागे सरकणारा) स्टॉप-लॉस तुमच्या कॉम्प्युटरवरूनच चालतो आणि नेटबरोबर जातो, तेव्हा तुमचा कुठे चालतो ते ब्रोकरला विचारून घ्या. एनएसईवर ऑप्शन्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून एसएल-मार्केट ऑर्डर नाही, एसएल-लिमिटच टाकावी लागते. ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्या भावापर्यंत सौदा चालेल) यांत पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर भाव उडी मारून पुढे जातो आणि ऑर्डर तशीच लटकते.

ऑर्डर पाठवली आणि त्याच क्षणी नेट गेलं, तर पुन्हा जोडल्यावर आधी ऑर्डर बुक बघा, मगच काही दाबा. उत्तर आलं नाही म्हणजे ऑर्डर गेली नाही असं नव्हे. गेलेली असते आणि आपण घाबरून दुसरी टाकतो.

ब्रोकरचा कॉल-अँड-ट्रेडचा (फोनवरून ऑर्डर देण्याचा) नंबर कागदावर लिहून टेबलाशी चिकटवा, सोबत क्लायंट आयडी. बिघाडाची तक्रार ॲपवर किंवा फोनवर नोंदवताना डॉकेट क्रमांक मागून घ्या आणि पिंगच्या खिडकीचा वेळेसकट फोटो ठेवा. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांत अपील प्राधिकरण असतं, तिथे तो डॉकेट क्रमांक लागतो.

हे सगळं झालं की हातात एकही पोझिशन नाही अशा दिवशी, दुपारी बारा-एकच्या सुमारास, बाजार चालू असताना राउटरला फायबरवरून येणारी तार स्वतः काढा. घड्याळ लावा. हॉटस्पॉट सुरू करणं, लॅपटॉप जोडणं, टर्मिनलमध्ये पुन्हा शिरणं, ओटीपी येणं, ऑर्डर बुक दिसणं, याला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागला तर नेमका कुठे गेला ते बघा. बहुतेक वेळा हॉटस्पॉटचा पासवर्ड लॅपटॉपवर साठवलेला नसतो, किंवा ओटीपी ज्या फोनवर येतो तो आतल्या खोलीत असतो.